नीटची तयारी चालू असताना एनएसएसमध्ये भाग घ्यावा का? पुढे डॉक्टर होताना त्याचा काही उपयोग होतो का?

प्रश्नाखाली तू लिहिलंयस की बारावीला आहेस, एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव दिलंयस, जानेवारीत सात दिवसांचं शिबिर आहे आणि घरचे म्हणतायत, ‘आधी सीट मिळव, मग समाजसेवा कर.’ तुला तू म्हणते, चालेल ना? मी सध्या इंटर्न आहे, म्हणजे फार काही मोठी नाही तुझ्यापेक्षा.

आधी रोखठोक हिशोब. नीटला, म्हणजे मेडिकल प्रवेशाच्या परीक्षेत, ७२० पैकी किती पडले एवढंच बघतात. अमेरिकेत मेडिकलच्या अर्जात पंधरा उपक्रम लिहायला जागा असते म्हणे, आपल्याकडे शिबिराचं प्रमाणपत्र कुठल्या फॉर्मला जोडायचं हाच प्रश्न. त्यामुळे घरच्यांचं चुकत नाहीये. सीटला मदत होईल म्हणून नाव दिलं असशील तर उद्याच काढून टाक.

आता माझं सांगते. दहावी झाल्यावर दोन वर्षं लातूरला क्लास केला. कॉलेज टायअपचं होतं, म्हणजे नाव तिथे, शिकणं क्लासला. त्याची इमारत मी प्रॅक्टिकलपुरती पाहिली, शिक्षकांची नावं आजही येत नाहीत. २०१८च्या नीटला ४१२ आले. रिपीट करायचं ठरलं, पण वर्ष मोकळं जायला नको म्हणून गावाकडच्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश घेतला. तिथे प्रवेशाच्या रांगेत मराठीच्या सरांनी एनएसएसची वही पुढे सरकवली, ‘लिही नाव.’ लिहिलं. आवड वगैरे काही नव्हती, मला नाही म्हणता येत नव्हतं इतकंच. खरं तर तेव्हा मला कुणाला काहीच म्हणता येत नव्हतं. दोन वर्षं मेसच्या काकू आणि डाउटचे सर सोडले तर मोठ्या माणसाशी मी धड बोललेच नव्हते.

एनएसएसचे वर्षाला १२० तास भरावे लागतात, दोन वर्षांचे २४०. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यात झाडं लावणं, रॅली, पाहुण्यांची भाषणं असं बरंच काही मोजतात. त्यातला निम्मा वेळ बॅनर धरून फोटो काढण्यात जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या भागाबद्दल मला काही सांगायचं नाही.

शिबिराबद्दल मात्र सांगायचंय. ते दुष्काळाचं वर्ष होतं. सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि आमचं दत्तक गाव टँकरवर होतं. मुलींचा मुक्काम झेडपी शाळेच्या दोन खोल्यांत. साडेपाचला उठायचं, प्रभातफेरी, मग श्रमदान. दरवर्षी म्हणे वनराई बंधारा घालायचे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून. यंदा ओढ्यात पाणीच नव्हतं तर अडवणार काय? म्हणून आम्हाला सांडपाणी जमिनीत मुरवायचे शोषखड्डे खणायला लावले. दुपारी घरोघरी सर्वेक्षण. छापील फॉर्म: घरात माणसं किती, शौचालय आहे का, पाणी कुठून आणता.

पहिल्या दिवशी मी अकरा घरांचे फॉर्म भरले आणि त्यातल्या सात घरांवर ‘घर बंद’ लिहिलं. माझ्या हिशोबाने काम झकास झालं होतं. सरांनी कागद चाळले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्याच गल्लीत गेले आणि ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीजवळ मला बसवून स्वतः पुढे निघून गेले.

मी फॉर्म काढून विचारलं, ‘आजी, घरात माणसं किती?’

‘सात.’

मी आत डोकावले. घरात कुणीच नव्हतं. म्हटलं, ‘बाकीचे कुठंयत?’

‘कोयत्यावर गेल्यात. पाडव्याला येत्याल. आता मी हाय अन् ही शेळी हाय.’

कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला. मग तिनेच बोटाने दाखवलं. ते कुलूप बारामतीकडच्या उसाच्या फडावर, ते कर्नाटकात, त्या घरची सून आठवा महिना चालू असताना गेली, उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली होती ना, राहून कसं चालेल. माझी सात बंद घरं तिने पाच मिनिटांत माणसांनी भरून टाकली. फॉर्मवर त्यातलं काही लिहायला जागाच नव्हती. मी मागच्या बाजूला लिहीत गेले. आजी मध्येच थांबून म्हणाली, ‘लिहितीस कशाला एवढं, कोण वाचणार हाय?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो कागद पुढे कुणी वाचला असेल असं मला आजही वाटत नाही.

पण मला एक गोष्ट कळली. प्रश्न छापलेला असला तरी उत्तर त्याच्या मापाचं येत नाही, आणि माणूस बोलायला लागला की आपण पेन खाली ठेवून गप्प बसायचं असतं. हे मला जमत नव्हतं. क्लासमध्ये एका प्रश्नाला एक मिनिट, त्याच्या वर गेलं की अंग तापायला लागायचं. सात दिवसांत ते थोडं उतरलं. शेवटच्या रात्री गावकऱ्यांसमोर पाण्यावर दोन मिनिटं बोलायचं होतं. माइक हातात आल्यावर मी पहिलं वाक्य तीनदा म्हटलं, लोक हसले, मीही हसले आणि पुढचं बोलून टाकलं. लोकांसमोर फजिती झाली तरी माणूस मरत नाही, हेही तोवर मला माहीत नव्हतं.

दुसरा प्रसंग रक्तदान शिबिराचा. मी नोंदणीच्या टेबलावर होते. शेजारी ब्लड बँकेचे टेक्निशियन दादा, त्यांच्यासमोर मोरचूदाचं (कॉपर सल्फेटचं) निळं द्रावण. बोटाला टोचायचं आणि थेंब वरून त्यात सोडायचा. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, रक्त देता येतं. तरंगत राहिला तर परत जा. तत्त्व साधं आहे, घनतेचं. मुलांचे थेंब दगडासारखे खाली जात होते. मुलींचे मधेच रेंगाळायचे, वर यायचे. एकेक मुलगी कानकोंडी होऊन परत फिरायची आणि मी रजिस्टरमध्ये शेरा लिहायची.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी ऐटीत हात पुढे केला. माझाही थेंब तरंगला. मशीनवर बघितलं तर ९.८. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या, ऑक्सिजनचा तो वक्र, सगळं मला तोंडपाठ. दोन वर्षं दुपारी डोळे मिटायचे त्याला मी आळस समजत होते आणि चहावर चहा ढोसत होते. जेवणाला लागून चहा घेतला की लोह नीट शोषलं जात नाही, हेही कुठेतरी वाचलेलं होतंच! दादा म्हणाले, ‘डॉक्टर व्हायचंय ना मॅडम? मग आधी गोळ्या चालू करा.’

महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, हे मी नंतर कम्युनिटी मेडिसिनला शिकले. परीक्षेत तो आकडा लिहिताना मला ती परत फिरलेल्या मुलींची रांग दिसत होती.

आता नुकसानीचंही सांगायला हवं. त्या शिबिराच्या आठवड्यात माझ्या दोन टेस्ट बुडाल्या, आणि २०१९च्या नीटला ४७८ वरच अडकले. पप्पांनी स्पष्ट म्हटलं, ‘खड्डे खणलेस, त्यात सीट पुरलीस.’ एनएसएसमुळेच गेली असं नाही, माझं फिजिक्स मुळातच कच्चं होतं. पण अजिबात परिणाम झाला नाही असंही मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. दुसऱ्या वर्षी मला विद्यार्थी प्रतिनिधी करत होते, तेव्हा मी सरांना तोंडावर नाही म्हटलं. घाम फुटला होता, पण म्हटलं. फक्त तास भरले. पुढे करोनामुळे परीक्षा लांबून १३ सप्टेंबर २०२०ला झाली, त्यात ५९१ आले आणि सरकारी कॉलेज मिळालं.

उपयोग होतो का, हे विचारलंस ना? मागच्या महिन्यातलं सांगते. ओपीडीत एक बाई आली, रक्तदाब वाढलेला, गोळ्या तीन महिन्यांपासून बंद. कागदावर आधीच्या कुणीतरी लिहिलेलं: ‘रुग्ण सूचना पाळत नाही.’ मी विचारलं, ‘मावशी, कोयत्यावर होता का?’ तिने चमकून बघितलं. फडावर दवाखाना लांब, गेलं की दिवसाची मजुरी बुडते, गोळ्या संपल्या त्या संपल्याच. मी सरांना सांगितलं, त्यांनी जास्त दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि कारखान्याजवळ कुठलं आरोग्य केंद्र पडतं ते तिला समजावलं. यात माझी हुशारी काही नाही. म्हातारीने शिकवलेला शब्द होता, तो वापरला. रुग्णाशी कसं बोलावं हे २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही शिकवतात, आमचे ते तास मन लावून झाले. पण तिथे रुग्णाचं काम आमचाच वर्गमित्र करायचा, आणि तो फार शहाण्यासारखी उत्तरं द्यायचा.

तर तुझ्यासाठी: बारावीचं वर्ष आहे, जानेवारीचं शिबिर यंदा सोड. तेव्हा प्रॅक्टिकल आणि बोर्ड डोक्यावर असतात. सरांना स्वतः जाऊन सांग, मैत्रिणीकरवी निरोप धाडू नकोस. सांस्कृतिक, गॅदरिंग, वक्तृत्व असं सगळीकडे नाव देऊ नकोस. एनएसएसचं नाव राहू दे आणि महिन्यातला एखादा रविवार दे. त्यातही बॅनर धरायचं काम टाळ, माणसांशी बोलावं लागेल असं काम मागून घे. रक्तदान शिबिर असेल तर नोंदणीच्या टेबलावर बस. अठरा पूर्ण नसतील तर रक्त देता येणार नाही, पण हिमोग्लोबिन तेवढं तपासून घे. आणि आकडा कमी आला तर घरच्यांना सांग, कारण क्लासच्या फीपेक्षा त्या गोळ्या फारच स्वस्त असतात.