आईची झडप पुन्हा बदलायची का?

प्रश्न : माझी आई 58 वर्षांची. 2012 साली तिच्या हृदयातली मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बदलून जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली, झडप बसवली. बरीच वर्षं छान गेली. गेल्या दिवाळीपासून मात्र जिना चढताना धाप लागते, रात्री दोन उशा लागतात. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप आखडल्याचं आलंय. आई म्हणते, एकदा छाती उघडली ते पुरे. दुसऱ्या ऑपरेशननंतर किती वर्षं मिळतात?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, त्या दोन उशांवर माझं लक्ष अडकलं. आडवं झाल्यावर श्वास कोंडतो, म्हणजे फुप्फुसांत पाणी साचायला लागलंय. किती वर्षं मिळतील, हे आई कोणत्या अवस्थेत टेबलावर जाते यावर फार अवलंबून आहे. स्वतःच्या पायांनी चालत आलेला पेशंट आणि आयसीयूतून घाईनं आत नेलेला, यांच्या निकालात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून दिवस ढकलू नका.

जैविक झडप साधारण 10 ते 15 वर्षं चालते. कुणाची चूक झालेली नाही.

दुसऱ्या वेळी धोका जास्त असतो, हे खरं. पहिल्या ऑपरेशननंतर हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असू शकतं, आणि हाड कापताना त्याला इजा होण्याची भीती असते. त्यासाठी आधी सीटी स्कॅन करतात. सर्जनना मोकळेपणानं विचारा, अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? मांडीच्या शिरेतून जुन्या झडपेत नवी बसवता येईल का, हेही विचारा. खर्च बराच येतो.

या वयात धातूची झडप सुचवतील. ती टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. पंचवटीतल्या माझ्या एका पेशंटच्या दुसऱ्या ऑपरेशनला 11 वर्षं झाली. आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणाऱ्या तपासणीचा, प्रत्येक कागद त्या बाई एका वहीत डकवतात. पुठ्ठ्यावर हळदीची बोटं उमटलीत. आकडा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. एकदा तो 6 वर गेला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. गुडघेदुखीच्या गोळ्या न विचारता घेतल्या होत्या. पालेभाज्या कमी-जास्त झाल्या की हा आकडा हलतो, म्हणून मेथी-पालक त्या खातात, फक्त नेहमीइतकीच.

आणि आईचा एखादा दात किडलेला असेल, तर आत्ताच डॉक्टरांना सांगा. तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसतात. काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिक घेऊन, ऑपरेशनपूर्वीच काढून घ्या.