वाचकांचे प्रश्न: मशीनवर भरतकाम शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात आपण मशीन भरतकामाचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त जणींनी एकच विचारलंय की मशीन कुठली घेऊ. त्याचं उत्तर देतेच, पण इतकी वर्षं शिकवताना मी बघतेय की मशीन चांगली असूनही काम बिघडतं ते बहुतेक वेळा कापड नीट न धरल्यामुळे, म्हणून खालचं तिसरं उत्तर सगळ्यांनी वाचाच, मशीन घ्यायच्या आधी वाचलंत तर आणखी बरं.

ताई, माझ्याकडे सासूबाईंची जुनी काळी पायमशीन आहे, फक्त सरळ टीप मारते. यावर भरतकाम होतं का, की कॉम्प्युटरवालीच घ्यावी लागेल?
– एक वाचक, सांगली

होतं की! आणि घरात पायमशीन असेल तर सुरुवात त्यावरच करा, कारण पायमशीनला दोन्ही हात मोकळे राहतात आणि भरतकामात सगळं काम हातांचंच असतं. सुईजवळचा, कापड दाबून धरणारा फूट काढून टाका. खालचे दाते खाली करायची सोय असेल तर करा, नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणा म्हणजे दाते कापड पुढे ढकलणार नाहीत. आता रिंग. हाताच्या भरतकामात आपण कापड वरच्या बाजूला ताणून बसवतो ना, इथे उलटं, मोठी रिंग खाली, त्यावर कापड, मग आतली रिंग दाबायची, म्हणजे कापड मशीनच्या पत्र्याला टेकून राहतं. रिंग पातळ लाकडाची, 6 इंचाची घ्या, जाड रिंग सुईखालून आत जात नाही.

एक गोष्ट नव्वद टक्के जणी विसरतात. फूट काढलाय म्हणून तो वर-खाली करायचा मागचा खटका वरच राहू देतात. फूट नसला तरी खटका खाली पाडायचाच, कारण वरच्या दोऱ्याला ताण तेव्हाच मिळतो, नाहीतर कापडाखाली दोऱ्याचा असा गुंता होतो की कात्रीच लागते. बॉबिनचा, म्हणजे खालचा दोरा आधी वर ओढून घ्या, दोन्ही दोरे धरून पहिले तीन-चार टाके मारा. पाय एका लयीत चालू दे, हात हळू. फूट नाहीये, तेव्हा बोटं रिंगच्या कडेलाच, सुईजवळ न्यायची नाहीत. पहिला आठवडा नुसत्या रेघा, गोल आणि आपलं नाव, जुन्या चादरीच्या तुकड्यावर.

कॉम्प्युटराइज्ड मशीन घ्यायचीय, घरून ब्लाउजची कामं करायचीत. दुकानदार म्हणतो आत शंभर डिझाइन्स आहेत, एवढं पुरे ना?
– एक वाचक, नाशिक

डिझाइन्स किती ते बघूच नका, कापड धरणारी फ्रेम किती मोठी बसते ते बघा. छोट्या मशीनला 100 बाय 100 मिलीमीटरची फ्रेम असते, म्हणजे साधारण 4 बाय 4 इंच. रुमाल, टिफिनची पिशवी, बाळाचं झबलं, बाहीवरची बुट्टी, हे सगळं त्यात मजेत होतं. पण ब्लाउजच्या पाठीवर मोठा मोर भरायचा म्हटलं की तो तुकड्यातुकड्यांनी भरायचा, दर वेळी कापड काढून परत लावायचं आणि जोड जुळवत बसायचं, नवशिक्याला ते फार जड जातं. आणि बाजारातून मोठी फ्रेम आणून उपयोग नाही, मशीन फ्रेम जेवढी सरकवते तेवढंच भरते. ब्लाउजचंच काम करायचं पक्कं असेल तर थोडं थांबून पैसे साठवा आणि मोठ्या फ्रेमचीच घ्या.

दुसरं म्हणजे एका सुईच्या मशीनला प्रत्येक रंगाला थांबून दोरा आपण बदलायचा. 10,000 टाक्यांचं डिझाइन मिनिटाला 600 टाक्यांनी 17 मिनिटांत होतं, पण त्यात सहा रंग असतील तर अर्धा तास धरा. गिऱ्हाइकाला वेळ सांगताना हे लक्षात ठेवा. तुमच्या जिल्ह्यात दुरुस्तीला माणूस येतो का हेही आधी विचारा. आणि व्हिडिओत स्टॅबिलायझर स्टॅबिलायझर म्हणतात तो विजेचा नाही बरं का, तो कापडाखाली लावायचा पेपर, दुकानात बॅकिंग पेपर म्हणून मागा.

नवीन मशीन आहे, पण पातळ कॉटनवर फूल भरलं की भोवती चुण्या पडतात, इस्त्री करूनही जात नाहीत. टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, कमी-जास्त करून थकले.
– एक वाचक, सोलापूर

टेन्शनला हात लावू नका आता, दोष बहुतेक तिथे नाहीये. मी पहिल्यांदा भाचीच्या टी-शर्टवर फूल भरलं तेव्हा कापड फ्रेममध्ये लावून, स्क्रू आवळून, मग चारही बाजूंनी ओढून घट्ट केलं होतं. फ्रेममध्ये असेपर्यंत फूल सुंदर दिसत होतं आणि काढल्यावर टी-शर्ट मूळ मापाला परत आला, टाके मात्र ताणलेल्या मापाचे, त्यामुळे सगळं वाटीसारखं गोळा झालं. मला फार वाईट वाटलं होतं, तिच्या वाढदिवसाचा होता तो. तर कापड ताणायचं नाही, सपाट बसवायचं, स्क्रू आवळायच्या आधीच सगळ्या सुरकुत्या काढायच्या आणि आवळल्यावर ओढायचं नाही. घट्टपणा द्यायचा तो पेपरला.

आता पेपर कुठला? कॉटन, खण, लिनन अशा न ताणणाऱ्या कापडाला फाडून काढायचा पेपर चालतो, मात्र कापड तुमच्या कॉटनसारखं फार पातळ असेल तर त्याचे दोन थर लावा. टी-शर्ट, होजिअरी अशा ताणणाऱ्या कापडाला भोवतीने कापून काढायचा, जो टाक्यांमागे कायमचा राहतो, कारण धुतल्यावरही त्या टाक्यांना आधार लागतो. नेटला पाण्यात विरघळणारा. टॉवेल किंवा मखमलीवर तोच पातळ पेपर वरून पण ठेवा, नाहीतर टाके लवेत बुडतात.

कोरं कॉटन आधी धुऊन वाळवून घ्या, नाहीतर भरल्यावर धुताना कापड आटतं, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही, आणि चुण्या परत हजर. डिझाइनही बघा, टाक्यांनी गच्च भरलेलं डिझाइन मलमलीवर बसणारच नाही, तिथे नुसत्या रेघांचं घ्या.

सिल्क आणि मखमलीवर फ्रेमचा गोल वळ उठतो आणि जात नाही. त्यांना फ्रेममध्ये अडकवूच नका, फक्त पेपर फ्रेममध्ये ताणून बसवा आणि कापड वरून ठेवून लांब टाक्यांनी कच्चं टाचून घ्या, मशीनवर तशी टाचायची सोय असते, नाहीतर हाताने. कुणाचं पैठणीचं ब्लाउजपीस असेल तर मी दुसरं काही करतच नाही.

मुलीचं नाव मराठीत भरायचंय. फोटो पेनड्राइव्हवर टाकला तर मशीन दाखवतच नाही. आणि मशीनमधली अक्षरं सगळी इंग्रजी!
– एक वाचक, ठाणे

फोटो म्हणजे नुसते रंगाचे ठिपके, मशीनला पाहिजे सुईने कुठून कुठे जायचं त्याची यादी. ती प्रत्येक कंपनीची वेगळी, ब्रदरची पीईएस, जानोमेची जेईएफ, आणि बऱ्याच ठिकाणी चालणारी डीएसटी, ज्यात रंग साठवलेले नसतात म्हणून स्क्रीनवर भलतेच रंग दिसले तर घाबरू नका. ही यादी बनवायला इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारं इंकस्टिच हे मोफत सॉफ्टवेअर आहे, शिकायला महिना लागेल पण लागू दे.

मराठी अक्षरांत खरी अडचण शिरोरेषेची. भरीव टाका कापडाला आडवं आत ओढतो, म्हणून पट्टी ठरवली त्यापेक्षा बारीक होते, आणि शिरोरेषा बारीक झाली की खालची अक्षरं तिच्यापासून सुटलेली दिसतात. म्हणून अक्षरांच्या दांड्या शिरोरेषेच्या आत थोड्या शिरलेल्या ठेवा, आधी सगळी अक्षरं भरा आणि शेवटी पूर्ण शब्दाची एकच सलग शिरोरेषा वरून. कुठलीही पट्टी 1 मिलीमीटरपेक्षा बारीक नको. अक्षर 12 मिलीमीटर तरी उंच घ्या, त्याहून लहान केलं तर अनुस्वार आणि रफार एक गाठ होऊन बसतात.

जरीचा दोरा सारखा तुटतो. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

सुई 90/14 ची लावा, साध्या दोऱ्याला 75/11 पुरते पण जरीला मोठं नाकं लागतं. वेग निम्मा करा, वरचं टेन्शन थोडं सैल, आणि रीळ मशीनपासून हातभर लांब उभं ठेवा म्हणजे जरीचे पीळ वाटेत सुटतात. मग तुकड्यावर एक भरीव पट्टी भरून उलटी करून बघा, मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या दोऱ्याचा आणि दोन्ही कडांना जरीचा दोरा दिसला की टेन्शन बरोबर. तरीही दोरा तुटला तर सुई बदला, आठेक तास चाललेली सुई दिसायला चांगली असली तरी नाक्यात खरबरीत झालेली असते.