वारुळाची अळंबी: कापावी की उपटावी?

पावसाळ्यात वारुळापाशी उगवणारी अळंबी कापून काढावीत की मुळासकट, असं तुम्ही विचारलंय. देठ जमिनीलगत चाकूने कापा किंवा बुंध्याशी धरून हलकेच पिळत वर ओढा, दोन्ही चालतं. खणायचं मात्र नाही.

याचं कारण जमिनीखाली आहे. वाळवी लाकूड-पाचोळा खाऊन त्याची मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र पोळी रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. अळंब्याचा देठ त्या पोळ्यापासून निघतो, कधी वीतभर, कधी त्याहून खोलवरून. कुदळ मारली की पोळं फुटतं, वसाहत विस्कटते आणि दरवर्षी त्याच जागी येणारं पीक थांबू शकतं. चार बोटं लांब देठासाठी हे करू नये. उगवण्याच्या जागेवर पाय पडणार नाहीत असं उभं राहा. सगळी काढू नका. पूर्ण उघडलेली तशीच ठेवा. ती तशीही लवकर किडतात, आणि त्यांचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बी, पसरू देत.

पहाटे जा. छत्री मिटलेली किंवा अर्धी उघडलेली असेल ते अळंबं खायला उत्तम. पण अगदी गोळ्यासारखी कोवळी नवख्याने काढू नयेत, त्यांच्यात ओळखीच्या खुणा नीट दिसत नाहीत.

ओळख पटवायला प्रत्येक जागच्या एका अळंब्याभोवतीची माती बोटाने दोन-तीन इंच सारा. देठ निमुळता होत खाली जात राहिला तर ते वारुळाचं असण्याची शक्यता आहे. बुंध्याला फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी पिशवी दिसली तर सोडून द्या. अमानिटा नावाच्या जीवघेण्या अळंब्यांची ती खूण आहे. देठावरच्या कड्यावरून काही ठरवू नका, काही वारुळी अळंब्यांनाही कडं असतं.

मग बीजाणूंचा ठसा घ्या. छत्री देठापासून कापून, पात्या (छत्रीच्या आतल्या बाजूचे पातळ पडदे) खाली करून, अर्ध्या पांढऱ्या-अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा आणि वर वाटी झाका. रात्रभरात ठसा उमटतो. वारुळी अळंब्यांचा फिकट गुलाबी येतो. हिरवट आला तर फेका: हिरवळीवर, शेणखतावर येणारी खवलेदार पांढरी छत्री अशीच असते आणि खाल्ल्यावर एक-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. गुलाबी ठसा विषारी जातींचाही असू शकतो, म्हणून वाळवीची जागा, खोल देठ, पिशवी नसणं आणि ठसा, सगळं जुळायला हवं. शिवाय त्या भागात वर्षानुवर्षं काढणाऱ्या माणसाने प्रत्येक अळंबं हातात घेऊन पाहिलेलं असावं. फोटोवर विसंबू नका. चांदीचा चमचा काळा पडणं, लसणाचा रंग बदलणं, किड्यांनी खाल्लेलं असणं, या परीक्षा साफ खोट्या आहेत. अमानिटाचं विष शिजवूनही जात नाही.

माती तिथेच खरवडा आणि टोपलीत सागाच्या पानांवर रचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून ती थोड्याच वेळात बुळबुळीत होतात. ठशासकट सगळ्या खुणा जुळून ओळख पक्की झाली की लगेच, पंधरा-वीस मिनिटं नीट शिजवून खा; पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन-चार घासच. एक कच्चं अळंबं कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. सहा तासांनंतर किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या तर ते घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठा. मध्ये बरं वाटलं तरी थांबू नका, कारण यकृताची हानी त्यानंतर दिसते.

अभयारण्यातून काढणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय गुन्हा आहे, तेव्हा जागा कुणाची हे आधी बघा.