‘विकासात्मक विलंब’ म्हणजे मतिमंद का?

अडीच वर्षांच्या भाच्याच्या तपासणीच्या कागदावर ‘विकासात्मक विलंब’ असे लिहून आले आहे. याचा अर्थ मतिमंद असाच का, आणि घरी सांगताना ‘वाढ खुंटली’ म्हणावे का, असे एका मावशींनी विचारले आहे. दोन्ही प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असेच आहे.

आधी ‘वाढ’ घेऊ. बोलताना आपण वाढ आणि विकास यांत फरक करत नाही, बालरोगतज्ज्ञ मात्र करतात. वाढ म्हणजे वजन, उंची, डोक्याचा घेर. अंगणवाडीताई काट्यावर मोजतात ती. विकास म्हणजे मुलाला काय काय जमू लागले ते. त्यासाठी आपल्याकडे फार नेमके शब्द आहेत: बाळ मान धरते, पालथे पडते, रांगते, धरून उभे राहते, पावले टाकते. ‘मान धरली’ म्हणजे बाळाला बसते केले की डोके लुडकत नाही, ते स्वतः सावरते. साधारण चौथ्या महिन्यापर्यंत हे जमते. डॉक्टरही हेच विचारतात, ‘मान कधी धरली?’ अंगाने छान बाळसेदार मूलही विकासात मागे असू शकते, म्हणून ‘वाढ खुंटली’ इथे चुकीचे.

आता ‘विलंब’. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बुद्धीचे मोजमाप फारसे भरवशाचे नसते. त्यामुळे चालणे, बोलणे, खेळणे अशा दोन किंवा अधिक बाबतींत मूल बरेच मागे असेल, तर तूर्त ‘सर्वांगीण विकासात्मक विलंब’ अशी नोंद करतात. पुढे काही मुले बरोबरीला येतात, काहींच्या बाबतीत वेगळे निदान होते.

ते निदान बौद्धिक अक्षमतेचेच, म्हणजे पूर्वी ज्याला ‘मतिमंदत्व’ म्हणत त्याचेच, असेल असे नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी आणि अध्ययन अक्षमता वेगवेगळ्या नोंदल्या आहेत. सेरेब्रल पाल्सीत मेंदूचे हालचालींवरचे नियंत्रण बिघडते. बुद्धी उत्तम असलेली कितीतरी मुले त्यात असतात. त्या सगळ्यांना सरसकट ‘मतिमंद’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय तो शब्द आता शिवीसारखा वापरला जातो, तो सोडूनच द्यावा. ‘गतिमंद’ही कामाचा नाही: कुणी तो हळू शिकणाऱ्या मुलासाठी वापरतो, कुणी ‘मतिमंद’चे सौम्य रूप म्हणून.

मग घरी काय सांगावे? ‘त्याला बोलायला, चालायला उशीर होतोय, कशामुळे ते डॉक्टर बघताहेत.’ एवढे पुरे. फक्त ‘उशीर’ ऐकून आजी म्हणतील, ‘याचा बापही उशिराच बोलला, थांबा जरा.’ तसे थांबू नका. बोलायला उशीर होत असेल तर आधी कान तपासून घ्या, कारण नीट ऐकू न येणे हे त्यामागचे एक कारण असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, म्हणजे लवकर तपासणी आणि उपचारांची केंद्रे, आहेत; इंग्रजी नावावरून त्यांना ‘डीईआयसी’ म्हणतात. जिल्हा रुग्णालयात ‘डीईआयसी कुठे आहे?’ असे विचारा, सहसा त्याच नावाने ते ओळखले जाते.