पेट्रोलचे पैसे वाटून घेतले, तर गाडी टॅक्सी होते का?

(वाहनविम्याचे सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले आमचे गोव्यातल्या फोंड्याचे स्तंभलेखक वाचकांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. वाड्यावरचे तिघे रोज माझ्याच गाडीतून येतात, महिनाअखेरीस पेट्रोलचा खर्च वाटून घेतो. आता मित्र म्हणतो, शनिवार-रविवार रात्री मोपा विमानतळावरून गिऱ्हाइकं मार, गाडीचा हप्ता सुटेल. वाटेत काही झालं तर विमा मिळेल ना?
– एक वाचक, साखळी

उत्तर : आधी डॅशबोर्डच्या खणातली पॉलिसी बाहेर काढा आणि तिच्यावरचं 'वापराची मर्यादा' हे कलम वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदला घेऊन माणसं नेण्याला विमा नाही, असं तिथे स्वच्छ छापलेलं असतं. अख्ख्या पॉलिसीत लोक नेमका तेवढाच भाग वाचत नाहीत.

तुमच्या वाड्यावरच्या तिघांचं मला फारसं भय वाटत नाही. ओळखीची माणसं, ठरलेली वाट, खर्चापुरते पैसे. याला कोणी धंदा म्हणणार नाही. पण डोईमागे दर ठरला, तीन रोजचे आणि चौथा वाटेत माशेलला हात दाखवील तो, असं सुरू झालं की वादाला तोंड फुटतं. आणि मोपाची फेरी तर सरळसरळ भाड्याचीच. पांढऱ्या पाटीची गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192-अ खाली पहिल्या गुन्ह्यालाच 10,000 रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. दंड भरून माणूस मोकळा होईल एक वेळ. विम्याचं तसं नाही.

मित्राला वाटत असेल, कळणार कोणाला? कळतं हो. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, खाटेवर पडलेला प्रवासी जबानीत पहिलं वाक्य सांगतो ते, 'इतक्या रुपयांत ठरलं होतं.' सांगणारच, त्याने का लपवावं? तुमच्या मोडलेल्या गाडीचा दावा कंपनी तिथेच अडवते. जखमी प्रवाशाला भरपाई द्यायची वेळ आली की अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण कधी कधी कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. तो मालक म्हणजे तुम्ही. गाडीचा हप्ता राहील बाजूला, घर गहाण पडेल.

आणखी एक पाहा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर तुमच्या गाडीत फुकट बसलेल्या शेजाऱ्यालाही तिचा उपयोग नाही. ती बाहेरच्या माणसासाठी. आत बसलेल्यांसाठी पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी हवी. तुमच्या स्वतःसाठी मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. हप्त्यातले थोडे पैसे वाचवायला एजंट कधी तो गाळतो, तोही तपासा.

कागद झाले, आता हाडामांसाचं. आठवडाभर वेर्ण्याची पाळी करून शनिवारी रात्री दोनच्या विमानाचं गिऱ्हाईक घ्यायचं, मग त्याला कळंगुटला सोडून पहाटे साखळीला परतायचं, हे मला पटत नाही. ॲप टॅक्सीसाठी केंद्राने 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात चालकाने दिवसाला 12 तासांहून जास्त लॉगिन राहू नये आणि मग 10 तास विश्रांती घ्यावी असं होतं. पण ॲप लॉगिनचे तास मोजतं. तुम्ही दिवसभर कारखान्यात उभे होता हे त्याला कुठून ठाऊक? पहाटेच्या अपघातांत मी एक गोष्ट वारंवार पाहिली : रस्त्यावर ब्रेकचा काळा पट्टाच नसतो. गाडी सरळ जाऊन माडाला भिडलेली. ब्रेक मारायला माणूस जागा लागतो.

आणि रोजच्या तिघांना मागच्या सीटचा पट्टा लावायला लावा. सर्व्हे करताना मी दार उघडून पट्टा ओढून बघत असे. लावलेल्या पट्ट्यावर धक्क्याचा ताण उमटतो, कापड बक्कलपाशी घासून चकाकतं. न लावलेला गाडीच्या आतल्या खांबाला गुंडाळलेला, कोरा करकरीत. पुष्कळ गाड्यांत तो तसाच जाम होतो, ओढला तरी येत नाही. मग मागच्या माणसाचं काय झालं हे विचारावं लागत नसे. सायरस मिस्त्री 2022 च्या सप्टेंबरात गेले ते मागच्या सीटवर, पट्ट्याविना. मागे बसणाऱ्याचा धक्का पुढच्यालाही बसतो, म्हणून यात भीड धरू नका.

गिऱ्हाइकं मारायचीच असतील तर परवाना काढा, पिवळ्या-काळ्या पाटीचा खर्च सोसा, विमा बदला. नाहीतर मित्राला चहा पाजा आणि विषय सोडा.

प्रश्न : मुलगी म्हापशाच्या बसस्टँडवरून कॉलेजला पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटारसायकलवर जाते. धोका आहे का?
– एक आई, थिवी

उत्तर : पिवळ्या मडगार्डचा पायलट भाड्यासाठीच नोंदलेला असतो, त्याची मला चिंता नाही. 'ये बाय, सोडतो' म्हणणारा साधा स्कूटरवाला टाळायला सांगा. हेल्मेट तिचं स्वतःचं हवं, आयएसआय छापाचं, पट्टा हनुवटीखाली आवळलेला. पायलटकडे दुसरं असलंच तर ते दहा डोक्यांवरून फिरलेलं आणि सैल असतं. ओढणी कमरेला गाठ मारून. चाकात गेली की मान वाचत नाही.

प्रश्न : माझी टॅक्सी आहे. अनोळखी ट्रकने ठोकून पळ काढला आणि माझ्यासकट गिऱ्हाईक जखमी झालं, तर पैसे कोणाकडे मागायचे?
– टॅक्सीचालक, धारगळ

उत्तर : आधी 108. 2025 च्या केंद्रीय योजनेत ठरवून दिलेल्या इस्पितळांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात; दाखल करतानाच विचारा. वाहन सापडलंच नाही तर मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला 50,000 रुपये मिळतात. त्याचा अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे जातो, म्हणजे आपल्याकडे मामलेदार कचेरीत आधी चौकशी करा. ट्रक सापडला तर दावा अपघात न्यायाधिकरणात, आणि कायद्यात मुदत सहाच महिन्यांची आहे. प्लास्टर निघेपर्यंत थांबू नका. ॲपवरची फेरी असेल तर फेरीच्या नोंदीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घरच्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा, पोलीस पंचनाम्याची प्रत मागून घ्या, आणि पंचनाम्यात गाडीचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून वाचा.