समोरच्या दाताच्या जुन्या कॅपजवळ हिरडी काळी-निळी दिसते. कॅप बदलली की जाईल का?

काळेपणा कॅपचा आहे, मुळाचा आहे की खुद्द हिरडीतला, यावर ते ठरेल. (मिश्रीचा काळेपणा एकाच दातापुरता नसतो.)

ओठ उचलून आरशात पाहा. अगदी काठाशी बारीक करडी रेघ असेल तर ती कॅपमधल्या धातूची. हिरडी सरकली की धातूची कड उघडी पडते, पातळ हिरडीतून ती नुसतीही दिसते. अशी रेघ कॅप बदलल्यावर बहुधा जाते.

काळेपणा काठापासून ३-४ मिमी मुळाकडे पसरला असेल, तर रूट कॅनॉलनंतर मूळ काळवंडलंय किंवा आत धातूचा पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेली दांडी) आहे. मग महागड्या झिरकोनियाच्या, म्हणजे दाताच्या रंगाच्या, कॅपनंही सावली हटत नाही, आणि पेशंट-डॉक्टरांची वाजते ती इथेच. म्हणून जुनी कॅप काढल्यावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकची तात्पुरती कॅप लावून ३-४ आठवडे थांबायला सांगा. तेवढ्यात काळेपणा गेला तर नवी कॅप पुरेशी. जुनी कॅप कापताना भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन हवं, नाहीतर धातूचा चुरा नव्यानं हिरडीत रुततो.

मूळच काळं असेल आणि आत पोस्ट नसेल तर आतून ब्लीच करता येतं. गटापर्चा (रूट कॅनॉलमध्ये भरलेला रबरासारखा पदार्थ) थोडा खाली उतरवून त्यावर ग्लास आयनोमर सिमेंटचा २ मिमी थर, वर सोडियम परबोरेट हे ब्लीचचं औषध. साधारण आठवड्यानं बदलत ३-४ वेळा. सिमेंटचा थर कच्चा राहिला तर औषध झिरपून मूळ बाहेरून झिजायला लागतं. पोस्ट असेल तर तो उपटायच्या नादात मूळ तडकू शकतं. त्यापेक्षा टाळूतल्या मांसाचा पातळ तुकडा हिरडीखाली सरकवून हिरडीची जाडी वाढवलेली बरी. ती २ मिमीच्या आसपास आली की आतला रंग फारसा जाणवत नाही.

शेजारी सपाट, न दुखणारा निळसर ठिपका असेल तर तो बहुतेकदा चांदीचा (दातात भरतात त्या अ‍ॅमलगमचा): जुनी चांदी उकरताना उडालेले कण. ‘हिरड्या गुलाबी करून देतो’ म्हणणाऱ्या लेसरवर इथे पैसे घालवू नका. तो वरचा थर सोलतो, कण त्याच्या खाली असतात. ठिपका कापून टाळूचा तुकडा लावावा लागतो; दाढेजवळ असेल तर मी हातही लावणार नाही.

एक्स-रेमध्ये पांढरे कण दिसले तर चांदी नक्की समजा, पण फार बारीक कण त्यातही दिसत नाहीत. कण दिसत नसतील आणि ठिपका वाढत असेल किंवा रक्त येत असेल, तर कॅपचं नंतर बघा, आधी बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करा. मेलॅनोमा हा कर्करोगही सुरुवातीला असाच दिसू शकतो.