केकचा साचा वितळला नाही, मग झालं काय?

प्रश्न : ओटीजीत केक भाजताना सिलिकॉनच्या साच्याची कड वरच्या लाल कॉइलला टेकली. धूर निघाला, कडेवर पांढरी भुकटी दिसली. साचा वितळला का? केक खावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वितळला असता तर ओघळ दिसले असते. पक्कं झालेलं सिलिकॉन रबर वितळतच नाही. त्याच्या रेणूत सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकाआड एक गुंफलेले असतात आणि प्रत्येक सिलिकॉनला बहुधा दोन मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचे छोटे गुच्छ, चिकटलेले असतात. साखळी चिवट, पण मिथिल कार्बनचे. त्यामुळे हवेत तापवलं की आधी ते जळतात. फॉर्माल्डिहाइड, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ सुटते. साखळ्या एकमेकींना जखडतात आणि रबर कडक होतं. लाल झालेली कॉइल ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे असते. तिथे कार्बन जळून गेला आणि उरली सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, फार बारीक.

रबराच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होते. मुशीत तुकडा ठेवून भट्टीत जाळला की सिलिकॉनची पांढरी राख मूळ तुकड्याचा आकार धरून राहायची. ती बघायला मला फार आवडायचं.

हवा नसेल तर गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त सुंदर. साधारण ३५० अंशांच्या पुढे साखळीचं टोक मागे वळतं, स्वतःच्याच अंगाला जुळतं आणि तीन-चार सिलिकॉनचं कडं सुटून वाफ होतं. चार सिलिकॉनचं कडं तर १७५ अंशांलाच उकळतं. सिलिकॉन-ऑक्सिजनचा एक बंध तुटतो तेव्हाच दुसरा जुळतो. म्हणून बंध एवढा भक्कम असूनही साखळी सुटत जाते. अशी थोडी कडी नव्या मालातही असतात. ती उडून जावीत म्हणून आम्ही वॉशर खेळत्या हवेच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर चार तास ठेवायचो.

तुमचा केक मी खाल्ला नसता. भुकटी त्यात कुठवर गेली ते दिसत नाही. ओटीजी गार झाल्यावर भुकटी ओल्या फडक्याने टिपा, फुंकू नका. साचाही टाकून द्या. नवा घ्याल तेव्हा त्यावर लिहिलेली तापमानाची मर्यादा बघा, साचा खालच्या जाळीवर ठेवा आणि कॉइलपासून चार बोटं तरी अंतर राहू द्या.